रिबाउंडचा रकाना

एनबीए ज्याला आपला पहिला सामना म्हणते, त्याचा बॉक्स स्कोअर मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावतो. 1 नोव्हेंबर 1946, टोरांटोचं मेपल लीफ गार्डन्स. न्यूयॉर्क निकरबॉकर्स 68, टोरांटो हस्कीज 66. लीगचं नाव तेव्हा बीएए होतं. एनबीए हे नाव 1949 मध्ये दुसऱ्या एका लीगशी विलीनीकरण झाल्यावर आलं. गाव हॉकीवेडं, त्यामुळे या खेळाला माणसं आणायची कशी हा प्रश्न होता. हस्कीजचा जॉर्ज नॉस्ट्रँड 6 फूट 8 इंच उंच. त्याच्याहून उंच असाल तर फुकट आत या, अशी जाहिरात केली. 7,090 लोक आले. बहुतेकांनी तिकीट काढलेलं असणार.

मला या असल्या कागदांचा नाद आहे. डेटा संपत आला की मी मॅच बघत नाही, आकडे वाचते. हस्कीजचा खेळाडू आणि कोच एड सॅडोस्की, 18 गुण, मैदानावर सगळ्यांत जास्त. पण त्याच्या फाउलचा रकाना पण बघा. दुसरा हाफ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात फाउल भरले आणि तो बाहेर. जागेवर आला तो जाहिरातीतला नॉस्ट्रँड. निक्सकडून लिओ गॉटलिबचे 14, ऑसी शेक्टमनचे 11. त्या 11 मध्ये सामन्याची पहिली बास्केट आहे, म्हणजे एनबीएच्या इतिहासातली पहिली. कागदावर ते कुठंच दिसत नाही. खुद्द शेक्टमनलाही ते कित्येक वर्षांनी कळलं. 2013 मध्ये तो वारला तेव्हा बातमीचा मथळा मात्र त्या एका बास्केटचाच होता.

आता काय नाही ते बघा. रिबाउंड लीगनं मोजायला घेतले 1950-51 च्या मोसमात, मिनिटं त्याच्या पुढच्या वर्षी. स्टील आणि ब्लॉक तर थेट 1973-74 पासून. बिल रसेल 1969 मध्ये निवृत्त झाला, 11 विजेतेपदं घेऊन, बचावाचा राजा म्हणून. त्याच्या ब्लॉकचा अधिकृत आकडा शून्यही नाही, रकानाच नाही. असिस्ट मोजायचे, पण हात आखडून. 1946-47 मध्ये अख्ख्या लीगमध्ये पहिल्या आलेल्या अर्नी कॅल्व्हर्लीचे मोसमभराचे असिस्ट 202. शेक्टमन 109 वर तिसरा. आणि नॉस्ट्रँड? ज्याच्या उंचीवर तिकिटं विकली, त्या उंचीनं त्या रात्री किती चेंडू खाली आणले, ते कोणी लिहिलंच नाही.

हे मला लागतं, कारण मी आमच्या शाळेच्या टीमची स्कोअरर होते.

भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. बरोबरच आहे. आमचं मैदान मुरमाचं, रिंगला जाळी नाही, डिसेंबरात वाऱ्यानं मिरचीचा खाट आला की वॉर्मअपमध्ये सगळ्या शिंकायच्या. स्पर्धेची अधिकृत स्कोअरशीट मी बारकाईनं भरायची. दोन गुण झाले की आकड्यावर तिरपी रेघ, फ्री थ्रोला ठिपका, तीन गुणांना खेळाडूच्या नंबरभोवती गोल. फाउल, टाइमआउट. बस. रिबाउंडला जागा नाही. त्या शीटला 1946 पेक्षाही कमी माहीत असतं, असिस्टही नाही.

आणि माझी मैत्रीण फक्त रिबाउंड करायची. म्हणजे खरंच फक्त. शॉट मारायचा तिला कंटाळा. समोरच्या मुलीला पाठीनं असं दाबून धरायची की चेंडू जणू तिचीच वाट बघत खाली यायचा. निवडीची यादी लागली तेव्हा ती गुणांच्या क्रमानं लागली होती. ती त्यात नव्हती. शीट तिनं माझ्या हातातून घेतली.

"माझ्या नावापुढं काहून काहीच नाही वं?"

"त्यात रकानाच नाही."

"मंग पाड ना."

हा निव्वळ मानापमानाचा विषय नव्हता. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, आणि त्या जिन्याची पहिली पायरी ही यादी. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जायची, माझीही जायची. तिथं मजुरी वजनावर. संध्याकाळी काट्यावर जे चढेल ते खरं. दिवसभर डोळे चुरचुरले, बोटांची आग रात्री झोपू देत नाही, यातलं काही काट्यावर येत नाही. माझ्या आईला मी रिबाउंड समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "असं होय. मंग हे तं आमच्यासारखंच झालं."

4 ऑक्टोबर 2019 ला एनबीए मुंबईत आली. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सनं सॅक्रामेंटो किंग्जला ओव्हरटाइममध्ये 132-131 हरवलं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मूळ मुंबईचेच. पेसर्सच्या टी. जे. वॉरनचे 30 गुण. आम्ही दोघींनी हायलाइट्स एकाच मोबाईलवर बघितले. मग मी तिला सांगितलं की हा प्रीसीझन सामना, हे 30 वॉरनच्या कारकिर्दीच्या बेरजेत धरले जात नाहीत. ती बराच वेळ हसली. "एवढं लांब येऊन?"

रकाना मी पाडला होता, वहीच्या मागच्या पानांवर, पेन्सिलनं. पुढच्या वर्षी निवडीच्या वेळी वही दाखवली. बघणाऱ्यांनी चाळली, हसून परत दिली, म्हणाले चांगला छंद आहे. ती आता उमरेडला पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसोबत धावते, बास्केटबॉल सुटलाय. मध्यंतरी तिनं त्या पानाचा फोटो मागितला. मी पाठवला. शेवटचा सामना: गुण 2, फाउल 3, रिबाउंड 14. तासाभरानं तिचा मेसेज आला, 15 होते, एक तू पाणी प्यायला गेली होतीस तेव्हाचा.