पायथॉन : वर्गापासून कारखान्यापर्यंत

गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रामरने तयार केलेली पायथॉन ही भाषा १९९१ साली लोकांसमोर आली. एक ओळ लिहावी आणि तिचे उत्तर लगेच पाहावे, ही सोय असल्यामुळे नवशिक्यांना ती लवकर जमते. पुण्याजवळच्या थेरगावातल्या मुलाला ती आयुष्यात अनेकदा भेटते: शाळेत, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात आणि पुढे नोकरीत. भाषा तीच असली तरी दर टप्प्यावर गरज बदलते आणि शिकण्याचे साधनही बदलावे लागते.

शाळेच्या वयात अडसर असतो तो इंग्रजी निवेदनाचा. त्यावर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प उपयोगी पडतो. त्याचे छोटे धडे विनामूल्य आहेत आणि अनेक धड्यांना मराठी निवेदन आहे. पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून पाहायचे, अशी त्याची रीत आहे. आज्ञा इंग्रजीतच राहतात, पण त्यामागचे कारण मायबोलीत कळते.

पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमाने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पायथॉन आणली. इथे जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रोग्राम पाठ करण्याचा मोह होतो. पाठ केलेला प्रोग्राम प्रश्न बदलताच निरुपयोगी होतो. अॅलन डाउनी यांचे ‘थिंक पायथॉन’ हे पुस्तक विचार करायला शिकवते आणि इंटरनेटवर मोफत वाचता येते. पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरचे ट्यूटोरियल त्याच्या जोडीला ठेवावे.

भोसरी-चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागातला इंजिनिअर दर शिफ्टचे रिजेक्शनचे आकडे एका एक्सेल शीटमधून दुसरीत उतरवत असतो. त्याच्यासाठी अॅल स्वाइगार्ट यांचे ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथॉन’ हे पुस्तक नेमके आहे. एक्सेल आणि पीडीएफ फायलींची कंटाळवाणी कामे प्रोग्रामकडून करून घेणे हाच त्याचा विषय आहे. हेही इंटरनेटवर मोफत आहे.

कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्यातली आवृत्ती तपासावी. पायथॉन २ला मिळणारे अधिकृत पाठबळ १ जानेवारी २०२० रोजी संपले. ‘प्रिंट’पुढे कंस नसलेली उदाहरणे दिसली, तर तो मजकूर जुना समजावा. दुसरी कसोटी सरावाची: प्रत्येक प्रकरणाअखेर सोडवायला प्रश्न हवेत.

डझनभर व्हिडिओ साठवून ठेवण्यापेक्षा आपल्या गरजेचे एकच साधन निवडावे, त्यातले प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करावे आणि ते साधन शेवटपर्यंत न्यावे.