गोधड्यांना ऊन दाखवणारं गाव

पावसाळा सरला की आजीची गोधडी किंवा वाकळ उन्हात वाळत पडलेली तुम्ही पाहिली असेलच. आता अशा गोधड्या गावभर, दारोदारी टांगल्या आहेत असं डोळ्यांपुढे आणा. हे गाव आपल्याकडचं नाही बरं का! ते आहे अमेरिकेत, अलाबामा राज्यात.

अलाबामा नदी एके ठिकाणी घोड्याच्या नालेसारखी वळते. त्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी असलेलं हे जीज बेंड. पूर्वी इथं कापसाचा मळा होता आणि त्यात राबणारे आफ्रिकी वंशाचे गुलाम. मालकाचं आडनाव पेटवे. गुलामगिरी गेली, पण आडनाव राहिलं. आजही गावात 'पेटवे' अशी हाक मारलीत, तर कितीतरी माना वळतील!

घरं लाकडी, फटींतून वारा घुसायचा. मग बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. नीट पाहिलं तर विटक्या विजारीच्या तुकड्यावर मधेच गडद निळा चौकोन दिसतो. तिथला खिसा उसवलेला असतो. त्याखाली ऊन पोचलेलंच नसतं! १९४२ साली मिझुरी पेटवे या बाईंनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण म्हणून, आणि पांघरायलाही.

इथली माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे कॅम्डेनला जाऊ लागली, तेव्हा १९६२ मध्ये फेरीबोटच बंद झाली. समोर दिसणारा काठ, पण रस्त्यानं तासाभराहून जास्त वाट! बोट पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं.

मधल्या काळात, १९६६ साली, या भागातल्या बायकांनी सहकारी मंडळ काढलं. गोधड्या मोठ्या दुकानांत गेल्या, चार पैसे मिळाले. पण दुकानांना हव्या एका मापाच्या, एका नमुन्याच्या. इथं तर जसा तुकडा हाती येईल तशी गोधडी वाढणार! पुढे २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, मग न्यूयॉर्कला. २००६ मध्ये टपाल तिकिटांवरही आल्या. नाव झालं, पण बाहेर, दूरच्या शहरांत.

म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं गावातलं प्रदर्शन मला जास्त आवडतं. त्याचं नाव साधंच, गोधड्यांना ऊन दाखवणं. ना सभागृह, ना काचेच्या चौकटी. दोरी बांधा, नाहीतर कुंपण आहेच! संग्रहालयात गोधडी भिंतीवर गप्प असते. इथं वाऱ्यानं फडफडते, मागची बाजूही दाखवते. पाहुणे घराघरांवरून हिंडतात. गोधडी आवडली तर जिनं शिवली तिच्याशीच बोलायचं आणि तिच्याकडूनच घ्यायची.

नुसत्या लांब सरळ पट्ट्यांच्या एका नमुन्याला तिथं 'आळशी पोरगी' म्हणतात. आता शिवून बघा एक, म्हणजे आळस किती ते कळेल! आणि हे गाव नकाशात शोधायचं असेल, तर त्याचं सरकारी नाव लक्षात ठेवा : बॉयकिन.