न भेटलेल्यांचं देणं

सरकारी कार्यालयात मी लागलो तो टेलिफोन ऑपरेटर म्हणून. अंधाला नोकरी म्हटली की खुर्च्या विणणं नाहीतर टेलिफोन, एवढंच तेव्हा लोकांना सुचायचं. पुढे स्वयंचलित एक्स्चेंज आलं, फोन थेट ज्याच्या-त्याच्या टेबलावर वाजू लागले. साहेब म्हणाले, "बसा आरामात, तुम्हाला कोण विचारतंय?" त्या आरामाचा फार जाच व्हायचा. 1995च्या कायद्यानं अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या, 2016च्या कायद्यानं त्या 4 टक्के झाल्या. पण जागा मिळाली म्हणजे काम मिळालं, असं नव्हे.

मला काम मिळवून दिलं ते ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं जॉज हे सॉफ्टवेअर बाजारात होतं, पण ते घ्यायची माझी ऐपत नव्हती. 2006 साली मायकल करन या अंध तरुणानं एनव्हीडीए हे तसंच सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला जेम्स टेह, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. दोघांनी ते फुकट ठेवलं. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक हा यांत्रिक आवाज रुक्ष, पत्र्यासारखा; पण कितीही वेग वाढवा, अक्षर गिळत नाही. शेजारच्यांना नुसती किरकिर ऐकू येते, माझा मात्र तेवढ्यात अर्ज वाचून होतो.

अडलं ते मराठीपाशी. परिपत्रकं जुन्या फॉन्टमध्ये यायची. पडद्यावर मराठी, आत मात्र इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. एनव्हीडीए बिचारं आत असेल तेच वाचणार. शेजारच्या टेबलावर लिपिक-टंकलेखक बाई होत्या. डबा खाऊन झाला की त्या महत्त्वाची परिपत्रकं युनिकोडमध्ये, म्हणजे एनव्हीडीएला वाचता येतील अशी, नव्यानं टाइप करून द्यायच्या. तसा आदेश कुणाचा नव्हता. आभार मानले तर म्हणायच्या, "अहो, त्या निमित्तानं माझीही वाचून होतात. नाहीतर कोण वाचतंय?"

एनव्हीडीएवाल्यांना जमेल तशी देणगी पाठवतो. बाईंना काय पाठवणार? त्या निवृत्त झाल्या. आता माझ्याकडे आवक-जावक आहे, शिवाय माहिती अधिकाराचे अर्ज. मार्चअखेरीस फोनवर कामाची कुरकुर केली, की बाई म्हणतात, "टाइप करून दिलं तेच चुकलं माझं. बसला असतात आरामात!"