चुडावा : पोलादावरील अक्षरें

पूर्णा जंक्शन मागें टाकून नांदेडकडे निघालें म्हणजे पहिलें स्थानक लागतें तें चुडावा. परभणी जिल्ह्यांतील हा लोहमार्ग एके काळीं निजामाच्या राज्यांतील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा होता. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा हा मीटर मापाचा मार्ग १९०१ च्या सुमारास पुरा झाला. आतां रूळ रुंद झाले आहेत. दुतर्फा काळी जमीन, कापूस आणि ज्वारी मात्र तशींच आहेत. प्रवासवर्णनांत मुद्दाम लिहावें असें येथें काय आहे, असें वाचक विचारतील. आम्ही लिहितों तें एका जुन्या घरांतील माळ्यावरच्या रायफलीविषयीं.

या घरच्या आजोबांचें पहिलें शिक्षण १९४८ पूर्वीचें, म्हणजे उर्दूंतलें. त्यांच्या वडिलांच्या चुलत्यांनीं पहिल्या महायुद्धांत ही रायफल ‘जर्मनांपासून’ हिसकावून आणली, अशी घरची कथा. बोल्ट केव्हांच हरवलेला, नळी गंजून बुजलेली. थोरल्या नातवास ही कथा एकदां पडताळून हवी होती; आजोबांस मात्र त्या पडताळणीची थोडी धास्तीच वाटत होती.

जर्मन लष्करी रायफल हा एक लेखच असतो. तो क्रमानें वाचावा लागतो. नळी मागील भागांत जेथें बसते, तें कडें प्रथम पाहावें. ५ एप्रिल १८९८ रोजीं जर्मन सैन्यानें स्वीकारलेल्या नमुन्यावर तेथें मुकुट, कारखान्याचें नांव आणि वर्ष असे. स्पांडाऊ, एर्फुर्ट, डान्झिग व आम्बेर्ग येथील कारखाने सरकारी. नेकार नदीकांठच्या ओबेर्नडोर्फ येथील माउझरचा कारखाना खासगी. डाव्या अंगास गॉथिक वळणांत ‘गेव्ह. ९८’ असें नमुन्याचें नांव, तर उजवीकडे मुकुटांकित लहान अक्षरें तीं तपासनिसांचीं. अनुक्रमांक चार आंकड्यांपर्यंतच जाई; दहा हजारांची मालिका भरली कीं पुन्हां आरंभ होऊन अंकाखालीं नवें अक्षर येई. त्याच अंकाचे शेवटचे दोन आंकडे लहान भागांवर जुळले, तर ते भाग मूळचे समजावे. हिटलरच्या काळांत नांवाऐवजीं सांकेतिक खुणा आल्या : माउझरसाठीं प्रथम ‘एस/४२’, मग ‘४२’ आणि पुढें ‘बीवायएफ’.

आम्हीं तेलाच्या फडक्यानें, मुळींच न घांसतां, कडें पुसलें. मुकुट दिसला नाहीं. दिसली ती वेलबुट्टीसारखी गुंफण, म्हणजे तुर्की सुलतानांची ‘तुग्रा’ नांवाची राजमुद्रा. आणि बाजूस अरबी लिपींतील एक ओळ. आजोबांनीं चष्मा लावून एकेक अक्षर जुळविलें. भाषा तुर्की असल्यानें अर्थ अडत होता, तरी ‘माउझर’ हें नांव त्यांनीं वाचलें. तुर्की सरकारनें १८८७ च्या करारापासून पुढें ओबेर्नडोर्फहून लाखों रायफली घेतल्या होत्या.

वर्षाचा आंकडा इसवी सनाचा नव्हता. तुर्की रूमी सनांत ५८४ मिळवावे लागतात. हिजरी असेल तर हिशेब निराळा. आजोबांस याचें नवल वाटलें नाहीं, कारण निजामी राज्यांतील फसली सनांत ५९० मिळविण्याची त्यांच्या पिढीस संवयच. कोणताहि सन धरला तरी वर्ष महायुद्धाच्या आधींचेंच निघालें.

तेव्हां रायफल जर्मन हें खरें. जर्मनांपासून घेतलेली हें मात्र संभवत नाहीं. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत तुर्कांशीं लढल्या आणि कूतच्या वेढ्यांत सांपडल्या; २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्य शरण गेलें. अशा रणांत तुर्की रायफल मराठी शिपायाच्या हातीं पडणें अशक्य नव्हे. परंतु १९४७-४८ च्या धामधुमींतहि या मुलखांत शस्त्रांनीं अनेक हात बदलले. खूण कारखाना सांगते, वर्ष सांगते, पहिला धनी सांगते. माळ्यावर कोणीं आणून ठेविली, हें सांगत नाहीं. त्यासाठीं शिपायाचे सेवेचे किंवा पेन्शनचे कागदच शोधावे लागतील.

ज्यांच्या घरीं असें शस्त्र असेल त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याचें कलम ४५ जुनाट नमुन्याच्या, पुराणवस्तु म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रास सूट देतें. पण तें दुरुस्त करूनहि बंदूक म्हणून चालण्याजोगें नसावें. हें घरच्या घरीं ठरवूं नये, पोलिस ठाण्यावर कळवून ठरवून घ्यावें. गंज खरवडून खुणाहि पुसूं नयेत. त्या गेल्या तर वाचावयास कांहींच उरत नाहीं.

आजोबा बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं नातवास वही आणावयास सांगितलें आणि पानावर मधोमध एक उभी रेघ मारविली : एका बाजूस ‘वाचलेलें’, दुसऱ्या बाजूस ‘ऐकलेलें’. चुलत्यांचें नांव त्यांनीं स्वतःच दुसऱ्या बाजूस लिहविलें. आणि जुन्या पेटींतील कागद दुसऱ्या दिवशीं काढावयाचे ठरलें.