येळवशीच्या कोपीतले पुस्तक

वाचकहो, आपल्या धाराशिवकडे वर्षअखेर जाणवते ती मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आपल्या येळवशीला. रानात कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील.

दृष्टी अधू झाल्यापासून मामंजींनी रान आणि वाचन, दोन्ही सोडले होते. जानेवारी २०२० मध्ये येथे भरलेल्या ९३व्या साहित्य संमेलनातून हौसेने आणलेली पुस्तके कपाटातच राहिली. गेल्या येळवशीला आम्ही त्यांना खुर्चीसह कोपीत नेले. आंबील बेतानेच दिली. आंबट त्यांना सोसत नाही. जेवणानंतर मी एक पुस्तक उघडून वाचू लागले. दुसऱ्याच पानावर त्यांनी मला थांबवले. माझा उच्चार चुकला होता!

आपणही घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे, मोठ्याने, सावकाश. आमचे पुस्तक अजून बाविसाव्या पानावरच आहे. मामंजी मध्येच जुन्या सुगीच्या गोष्टी सांगू लागतात.