हिपॅटायटीस बी: गोळी कोणत्या कंपनीची?

हिपॅटायटीस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की तिच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक बंद वर्तुळाकार प्रत ठेवून देतो. आज बाजारात असलेली कोणतीही गोळी ही प्रत नष्ट करत नाही. गोळ्या एवढेच करतात, की त्या मूळ प्रतीवरून नव्या प्रती काढणाऱ्या विकराला अडवतात. रक्तातला विषाणू नाहीसा होतो, यकृताची सूज उतरते, सिरोसिस आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. पण गोळी थांबली की बहुतेकांत विषाणू पुन्हा डोके वर काढतो. म्हणून हे औषध वर्षानुवर्षे, पुष्कळदा आयुष्यभर चालते. पाच दिवसांच्या प्रतिजैविकाची किंमत कोणी फारशी लक्षात ठेवत नाही. रोजच्या गोळीची किंमत मात्र घराच्या महिन्याच्या हिशेबात बसावी लागते, आणि जेनेरिक की ब्रँडेड हा प्रश्न तिथून सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. त्या सर्वांना औषध लागत नाही. संसर्ग दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा नुसता ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ अहवाल हे गोळी सुरू करण्याचे कारण नव्हे. यकृताची विकरे, रक्तातील विषाणूचे प्रमाण आणि यकृतातील तंतुमयता पाहून तो निर्णय होतो. ग्रामीण भागात ‘पांढरी कावीळ’ म्हणून या आजारावर माळ घालण्याचा किंवा झाडपाल्याचा उपाय अजून चालतो. त्यात गेलेली वर्षे कोणतीही कंपनी परत देत नाही.

औषधांचा क्रम थोडक्यात असा. १९९८ मध्ये लॅमिव्हुडिन आले. ते स्वस्त होते, सोसवतही होते. पण पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणू त्याला दाद देईनासा झाला. २००५ मध्ये एन्टेकाव्हिर आले. पूर्वी औषध न घेतलेल्यांत पाच वर्षांनंतरही त्याला होणारा प्रतिरोध एक-सव्वा टक्क्याच्या घरात राहिला. प्रागमधील आन्तोनिन होली यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेले टेनोफोव्हिर (डायसोप्रॉक्झिल या रूपात) आधी एचआयव्हीसाठी आणि २००८ पासून हिपॅटायटीस बीसाठीही वापरात आले. त्याचेच नवे रूप टेनोफोव्हिर अलाफेनामाइड २०१६ मध्ये मंजूर झाले. ते मूत्रपिंड आणि हाडांना कमी त्रास देते.

भारतात या औषधांची किंमत उतरली ती पेटंटच्या कायद्यामुळे. एन्टेकाव्हिरचा रेणू जुना असल्याने २००५ मध्ये आलेले उत्पादन-पेटंट त्याला लागू होऊ शकले नाही. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्झिलवरचा गिलियड कंपनीचा दावा भारतीय पेटंट कार्यालयाने २००९ मध्ये फेटाळला. त्याला विरोध करणाऱ्यांत सिप्लासारखी कंपनी होती आणि एचआयव्हीबाधितांच्या संघटनाही होत्या. काविळीच्या रुग्णांची संघटना त्यांत नव्हती. दुसऱ्या आजाराच्या माणसांनी दिलेल्या लढ्याचे फळ यकृताचे रुग्ण आज खात आहेत.

म्हणूनच नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या ठोक औषध बाजारात जेनेरिक की ब्रँडेड हा प्रश्न लोक विचारतात तसा नसतोच. मूळ शोधक कंपनीची गोळी बहुतेक रुग्णांच्या हाती कधी येत नाही. डॉक्टर ज्याला ‘चांगला ब्रँड’ म्हणतात तेही जेनेरिकच असते, फक्त त्यावर कंपनीने ठेवलेले नाव असते. कित्येकदा एकाच कारखान्यात, दुसऱ्याच्या मागणीवरून, तीनचार नावांची तीच गोळी बनते. पाकिटावर ‘निर्माता’ आणि ‘विक्रेता’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. रुग्ण वरचे ठळक नाव वाचतो. वाचण्यासारखी असते ती निर्मात्याची बारीक ओळ.

सर्वांत मोठा गैरसमज जेनेरिक गोळी मूळ गोळीच्या तोडीची आहे का हे ठरवणाऱ्या समतुल्यतेच्या नियमाबद्दल आहे, आणि तो डॉक्टरांच्या बैठकांतही ऐकू येतो: ‘जेनेरिकमध्ये २० टक्के कमी किंवा २५ टक्के जास्त औषध चालते.’ हे साफ चूक आहे. गोळीतल्या औषधाचे वजन हा निराळा विषय असून त्याची मर्यादा बरीच काटेकोर असते. ८० ते १२५ हा आकडा गोळीला नव्हे, तर निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात पोचलेल्या औषधाच्या तुलनेला लागतो. जेनेरिक आणि मूळ अशा दोन गोळ्यांच्या सरासरींचे गुणोत्तर काढायचे, त्याभोवती ९० टक्के विश्वासाचा पट्टा मांडायचा, आणि तो अख्खा पट्टा ८० ते १२५ च्या आत बसायला हवा. ज्या गोळीची सरासरीच ८२ आहे, तिच्या पट्ट्याचे खालचे टोक सहसा ८० खाली जाते आणि ती नापास होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातील २०७० अभ्यास तपासले, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. याच्या शेजारी एक गोष्ट ठेवावी. एन्टेकाव्हिर हलक्या न्याहारीबरोबर घेतले तरी त्याचे शोषण १८ ते २० टक्क्यांनी घटते आणि रक्तातील शिखर-पातळी ४४ ते ४६ टक्क्यांनी. ही गोळी जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या दोन तास आधी घ्यायची असते. कंपनी बदलल्यावर चिंताग्रस्त होणारा रुग्ण तीच गोळी सकाळच्या मिसळीबरोबर बिनधास्त घेतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारतही नाही.

तरीही शंकेला जागाच नाही असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. भारतात २०१७ च्या नियमदुरुस्तीने समतुल्यतेचा अभ्यास सक्तीचा झाला तो विद्राव्यता आणि शोषणक्षमता यांवरून पाडलेल्या चार गटांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या गटातील औषधांना. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्झिल तिसऱ्या गटात धरले जाते. म्हणजे दुकानातल्या प्रत्येक टेनोफोव्हिरमागे असा अभ्यास असेलच, असे कायद्यावरून म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रता यादीतील भारतीय उत्पादकांना मात्र तो दाखवावा लागतो, आणि त्यांचेच टेनोफोव्हिर जगभरच्या एचआयव्ही कार्यक्रमांत जाते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांना जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याची सक्ती केली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली. गुणवत्तेची खात्री आधी द्या, हे इंडियन मेडिकल असोसिएशनचे म्हणणे निव्वळ स्वार्थाचे नव्हते. त्यात स्वार्थ अजिबात नव्हता, असेही नाही.

बनावट औषध हा तिसराच विषय. तो जेनेरिकच्या खात्यावर मांडू नये. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या बनावट प्रतिजैविकांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे २०२४ मधील आरोपपत्रात नमूद झाले. तो गुन्हा होता. गुन्हेगार महाग नावाचीही नक्कल करतो, किंबहुना तिथे त्याला नफा जास्त असतो. बिल घेणे आणि त्यावर बॅच नंबर असल्याचे पाहणे, हा ग्राहकाच्या हातातला उपाय आहे.

प्रत्यक्षात उपचार फसतात ते वेगळ्याच कारणांनी. ‘टेनोफोव्हिर’ एवढेच सांगितले की दुकानदार ३०० मिलिग्रॅमचे डायसोप्रॉक्झिल देईल, नाहीतर २५ मिलिग्रॅमचे अलाफेनामाइड. ही दोन वेगळी औषधे आहेत. मूत्रपिंड अशक्त असलेल्याच्या बाबतीत ही अदलाबदल महागात पडते. एचआयव्हीसाठीची जोडगोळी चुकून दिली जाते. डायसोप्रॉक्झिल दमटपणाने बिघडते, म्हणून ते पुष्कळदा शोषक पुडी असलेल्या बाटलीत येते; त्यातल्या दहा गोळ्या कागदी पुडीत बांधून विकणे, तेही पावसाळ्यात, हा प्रकार बंद व्हायला हवा. एकट्या लॅमिव्हुडिनवर, केवळ ते स्वस्त म्हणून, नवा रुग्ण ठेवणे ही खरी काटकसर नव्हे.

या आजारात गोळी काम करते की नाही, हे मोजता येते. उपचाराआधी आणि नंतर दर सहा महिन्यांनी रक्तातील विषाणूचा डीएनए तपासला की उत्तर मिळते. कंपनी बदलली तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी करावी. आकडा चढला तर आधी गोळ्या नियमित घेतल्या का ते विचारावे, मग एन्टेकाव्हिर उपाशीपोटी घेतले का ते, आणि त्यानंतर कंपनीवर संशय घ्यावा. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्झिल चालू असेल तर क्रिएटिनिन आणि फॉस्फेटही पाहावे. औषध सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची चाचणी हवीच. दोन्ही संसर्ग असताना एकटे टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर दिले तर एचआयव्ही प्रतिरोधक होऊ शकतो.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि औषधे मोफत आहेत, आणि ती औषधे जेनेरिकच आहेत. नाशिककरांनी चौकशीची सुरुवात त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयातून करावी. जनऔषधी केंद्रात घेतले तरी हरकत नाही. तिथल्या औषधांच्या बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून येतात. अडचण असते ती साठ्याची. ठरलेली गोळी संपली असेल तर त्याच औषधाची, त्याच मात्रेची दुसऱ्या कंपनीची गोळी त्याच दिवशी घ्यावी. ‘आपली’ कंपनी येईपर्यंत पंधरा दिवस थांबू नये. सिरोसिस झालेल्या रुग्णात अशा खंडानंतर उसळलेली सूज यकृत निकामी करू शकते.