कौसानीची हिमरांग एका चौकटीत

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाने धुतलेली हवा निवळली, की कौसानीचे पर्यटक भल्या पहाटे शाली लपेटून गच्चीवर येऊन उभे राहतात. उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यातले, सुमारे १,८९० मीटर उंचीवरचे हे लहानसे गाव. हिंदी कवी सुमित्रानंदन पंत यांचा जन्म १९०० साली इथेच झाला. महात्मा गांधी १९२९ मध्ये येथे राहिले होते आणि ‘अनासक्तियोग’ या आपल्या गीतेच्या अनुवादाची प्रस्तावना त्यांनी इथेच लिहिली. त्या वास्तूत आज अनासक्ती आश्रम आहे. आश्रमाच्या अंगणातून उत्तरेला पाहिले, की डावीकडे दूरवर चौखंबा, समोर नंदाघुंटी आणि त्रिशूळ, त्यामागून ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी, मग नंदाकोट आणि अगदी उजवीकडे पंचचुली!

हे वैभव घरी कसे न्यायचे, हा प्रश्न मग प्रत्येकालाच पडतो. संपूर्ण रांग एका छायाचित्रात बसवली, तर शिखरे तांदळाच्या दाण्याएवढी दिसतात. जवळून टिपावे, तर त्रिशूळ येतो आणि पंचचुली हुकते. मोबाइलमधली पॅनोरमाची सोय कामचलाऊ खरी. पण हात जरा हलला, की डोंगराची कड तुटते आणि मधूनच चालत गेलेल्या काकांना तीन पाय फुटतात.

यावर उपाय म्हणजे शेजारशेजारची आठ-दहा छायाचित्रे काढून ती नंतर संगणकावर जोडणे. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना नावावर जाऊ नये. फ्रान्सच्या कोलर कंपनीचे ‘ऑटोपानो’ एके काळी फार गाजले. पण गोप्रोने २०१५ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०१८ मध्ये तिचा कारभारच बंद केला. मायक्रोसॉफ्टचे सोपे, मोफत ‘इमेज कंपोझिट एडिटर’ही कंपनीने पुढे मागे घेतले. टिकून आहे ते ‘हुगिन’. जर्मन प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांच्या ‘पॅनोरमा टूल्स’वर ते उभे आहे. ते मोफत आहे आणि त्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली असल्याने एखादी कंपनी बुडाली म्हणून ते नाहीसे होणार नाही. त्याच घराण्यातले ‘पीटी गुई’ विकत घ्यावे लागते. मात्र ते अधिक सुटसुटीत आणि वेगवान आहे. फोटोशॉप घरात असेलच, तर त्यातली जोडणीही पुरेशी आहे. कौसानीच्या एका सहलीसाठी पैसे खर्च करण्याची मुळीच गरज नाही. हुगिन शिकायला एखादी संध्याकाळ जाते, एवढेच.

हुगिनचा मोठा गुण असा, की दोन छायाचित्रांतील समान खुणा ते स्वतः शोधते आणि चुकलेली खूण आपल्याला हाताने दुरुस्तही करता येते. कौसानीला हे फार महत्त्वाचे ठरते. बर्फाचे उतार सगळीकडे सारखेच पांढरे. खूण चुकीच्या जागी बसली आणि सांधा नेमका त्रिशूळावर आला, तर तीन टोकांची चार व्हायला वेळ लागत नाही. कुटुंबाच्या संग्रहात मग असा डोंगर राहतो, जो हिमालयात कुठेच नाही.

अर्थात निम्मे काम जागेवरच होते. कॅमेरा उभा धरावा, प्रत्येक छायाचित्रात आधीच्याचा तिसरा हिस्सा पुन्हा यावा आणि प्रकाशाचे प्रमाण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेवावे. कठडा किंवा झाडाची फांदी चौकटीत घेऊ नये; कॅमेरा किंचित सरकला तरी जवळची वस्तू मागच्या शिखरांच्या तुलनेत जागा सोडते आणि सांधा उघडा पडतो. सूर्योदयाचा रंग मिनिटामिनिटाला पालटतो, म्हणून सारी रांग एका दमात टिपावी.

काठगोदाम हे सोयीचे रेल्वे स्थानक. तिथून अल्मोड्यामार्गे मोटारीने जावे. दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. पहिल्या सकाळी ढग आले, तर दुसरी सकाळ हाताशी राहते.